अलार्म सिस्टिमचं १६ चॅनेलचं अ‍ॅनलॉग कार्ड त्रास देतंय, भावनगरहून सरप्लस कार्ड घ्यावं का?

बत्तीसाब_कोस्टल

नमस्कार मंडळी. मी एका कोस्टल बल्क कॅरिअरवर ईटीओ (इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) आहे, मुंबई आणि गुजरातच्या मध्ये आमची ये-जा. जहाज २००३ चं, अलार्म मॉनिटरिंग सिस्टिम पण तेव्हाचीच ओरिजनल, रॅकमध्ये १६ चॅनेलची अ‍ॅनलॉग इनपुट कार्डं आहेत. त्यातल्या एका कार्डावर सगळे पीटी१०० (टेम्परेचरचे सेन्सर) आहेत, जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आऊटलेट, एलओ म्हणजे ल्युब ऑइलचं टेम्परेचर वगैरे. हल्ली या कार्डाचे १ ते ८ चॅनेल एकदम "सेन्सर फेल" दाखवतात, ९ ते १६ अगदी व्यवस्थित. इंजिन लोडवर आलं की तासाभराने सुरू होतं आणि अँकरेजला इंजिन बंद करून थंड झालं की आपोआप नॉर्मल.

२४ व्होल्ट सप्लाय मोजली, ठीक आहे. कार्ड काढून कनेक्टर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) साफ करून परत बसवलं, दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड इथे लावून बघायचं होतं पण बडासाब (चीफ इंजिनिअर) म्हणतो चालत्या इंजिनवर कार्डाला हात लावायचा नाही, स्लो डाऊन आला, म्हणजे इंजिनचा वेग आपोआप कमी झाला, तर पायलट बोर्डवर असताना निस्तरणार कोण, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

मेकरला मेल केला तर उत्तर आलं की कार्ड ऑब्सोलीट, अख्खी सिस्टिम अपग्रेड करा. ऑफिस म्हणतं ड्रायडॉकपर्यंत थांबा. तोवर यूएमएस (इंजिनरूम माणसाविना चालवणं) बंद, रात्री वॉच लावून चाललंय आणि इंजिनरूमची सगळी पोरं थकलीत.

भावनगरच्या एका व्यापाऱ्याकडे हेच कार्ड दिसतंय, आलंगच्या जहाजतोडणी यार्डात तुटलेल्या जहाजावरचं. "टेस्टेड ओके" लिहिलंय आणि किंमत मेकरच्या जुन्या किमतीच्या चौथा हिस्सा. पार्ट नंबर तोच आहे, फक्त आमच्या कार्डावर शेवटी "बी" आहे आणि त्याच्यावर "डी". घ्यावं का? घ्यायचं तर काय विचारून घ्यावं आणि आल्यावर तपासावं कसं? कुणी असं सरप्लस कार्ड लावलंय का?

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

मित्रा, आधी पैसे देऊ नकोस, थांब. तू जे लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे.

९ ते १६ नीट चाललेत म्हणजे त्या कार्डाचा प्रोसेसर, एडीसी (अ‍ॅनलॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप), रॅककडे जाणारं कम्युनिकेशन आणि मेन सप्लाय हे सगळं जिवंत आहे. १६ चॅनेलच्या कार्डावर बहुतेक वेळा ८-८ चॅनेलचे दोन मल्टिप्लेक्सर (एकेक चॅनेल निवडणाऱ्या स्विच चिप) असतात आणि ते आळीपाळीने एकाच एडीसीला सिग्नल देतात. तुझे बरोब्बर पहिले ८ जातात म्हणजे एकतर तो पहिला मल्टिप्लेक्सर, किंवा त्याची सप्लाय, किंवा त्या ८ पीटी१०० ना करंट देणारा भाग, किंवा, आणि हे लोक विसरतात, त्या ८ पैकी एका चॅनेलची वायर. एका इनपुटवर मल्टिप्लेक्सरच्या सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज घुसलं तर ते त्या एका चॅनेलपुरतं राहत नाही, आतून बाकीच्या सातांनाही ओढून नेतं आणि स्क्रीनवर आठही फेल दिसतात. मग माणूस म्हणतो कार्ड गेलं. नवीन कार्ड लावतो, तेही काही दिवसांत तसंच वागायला लागतं किंवा जळतं, आणि मग शिव्या सरप्लसवाल्याला.

गरम झाल्यावर येतो आणि थंड झाल्यावर जातो हे कार्डाच्या कपॅसिटरमुळे होऊ शकतं हे मान्य, पण कार्ड आहे ईसीआरमध्ये (इंजिन कंट्रोल रूम), एसीत. इंजिन लोडवर आलं म्हणून ईसीआरचं टेम्परेचर कितीसं वाढतं? वाढतं ते इंजिनवर. तिथे केबल आहे, जंक्शन बॉक्स आहे, आणि २००३ पासूनचं इन्सुलेशन आहे.

तर असं कर. फॉल्ट आलेला असताना, चीफला सांगून, ब्रिजला कळवून, आणि या चॅनेलपैकी कशावर स्लो डाऊन किंवा शट डाऊन आहे का ते ड्रॉइंगमध्ये बघून, टर्मिनलवर प्रत्येक चॅनेलचं डीसी व्होल्टेज मोज. कार्ड सोडवायची गरज नाही, नुसते मीटरचे प्रोब लावायचे. पीटी१०० मधून साधारण १ मिलिअँपच्या आसपास करंट सोडतात आणि तो ० डिग्रीला १०० ओहम, १०० डिग्रीला १३८.५ ओहम असतो, म्हणजे तुला शे-दीडशे मिलिव्होल्ट दिसायला हवेत. कुठे काही व्होल्ट दिसले तर चोर तिथे आहे. मग तो एक चॅनेल टर्मिनलवरून सोडव आणि बाकीचे सात परत येतात का बघ.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, केबल मेगर करायची झाली (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं झालं) तर कार्डाकडची बाजू आधी सोडव. ५०० व्होल्टचा मेगर कार्ड जोडलेलं असताना मारला तर चांगलं कार्डही त्याच क्षणी जाईल. कुणी काही म्हणो, अर्धा तास जास्त गेला तरी चालेल पण वायर सोडवूनच मेगर कर.

---

सोल्डर_तुर्भे

सरांशी पूर्ण सहमत, फॉल्ट आधी बाहेर शोधा. पण समजा कार्डच निघालं, तर सरप्लसबद्दल माझ्याकडून थोडं. मी शिपची कार्डं रिपेअर करतो आणि आलंगचा माल रोज टेबलावर येतो.

"टेस्टेड ओके" याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. एखाद्याकडे त्या सिस्टिमचा अख्खा रॅक उभा असतो, तो खरंच प्रत्येक चॅनेलला सिम्युलेटर लावून रीडिंग बघतो. दुसऱ्याने फक्त २४ व्होल्ट देऊन हिरवा एलईडी लागला एवढंच पाहिलेलं असतं. खोटं दोघंही बोलत नाहीत, म्हणून विचारायचं ते नेमकं विचारा, की कुठल्या रॅकमध्ये टेस्ट केलं, आणि पहिल्या व शेवटच्या चॅनेलला रेझिस्टर लावून रीडिंगचा व्हिडिओ पाठवा. ज्याच्याकडे रॅक आहे तो लगेच पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो सरळ म्हणाला की भाई टेस्ट नाही केलेलं, नाही चाललं तर परत घेईन, तर तो पण चांगला माणूस समजा, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

कार्ड जहाजातून कसं निघालं हे फार महत्त्वाचं. जहाज बीचिंग झाल्यावर त्यावर लाइट नाही, एसी नाही, पावसाळा मध्ये आला तर पॅनेल महिनोन्‌महिने खाऱ्या दमट हवेत बंद पडून असतं. काही व्यापारी आपला टेक्निशियन पाठवून कार्डं स्क्रू काढून व्यवस्थित काढतात, काही वेळा अख्खं पॅनेल गॅसकटरने कापून खाली येतं आणि मग कार्डं वेगळी होतात. फोटोत कळतं हो. माउंटिंगची भोकं वाकडी, फेसप्लेट चेपलेली, मागच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, चिपच्या पायांत पांढरी पूड, असं दिसलं तर नको. दोन्ही बाजूंचे फोटो मागा, समोरून एक फोटो पुरत नाही. कार्ड जुनं आणि एकाच जागी सोल्डर नवं चकचकीत असेल तर तिथे कुणीतरी आधी काम केलंय, वाईटच असेल असं नाही पण विचारा काय बदललं.

आता "बी" आणि "डी". नुसत्या अक्षरावरून हो किंवा नाही सांगता येत नाही. बऱ्याच मेकरचं नवीन रिव्हिजन जुन्या जागी चालतं, पण ते मेकरच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये किंवा मॅन्युअलच्या स्पेअर लिस्टमध्ये लिहिलेलं असतं, तिथे बघा. त्याहून जास्त गोंधळ होतो तो दुसऱ्याच कारणाने. एकच पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) दोन-तीन प्रकारे भरलेला असतो, एकावर पीटी१०० साठीचे पार्ट, दुसऱ्यावर ४-२० मिलिअँपच्या करंट सिग्नलसाठी प्रत्येक चॅनेलला २५० ओहमचा रेझिस्टर. पीसीबीवर छापलेला नंबर दोन्हीवर तोच. खरा नंबर स्टिकरवर असतो, आणि स्टिकर आलंगपासून तुमच्यापर्यंत येईतो निघालेला असतो. म्हणून व्यापाऱ्याला स्टिकर, ईप्रॉमचं (प्रोग्राम ठेवणारी चिप) लेबल, जंपर आणि डीआयपी स्विच (सेटिंगचे छोटे स्विच) या चारही गोष्टींचे जवळून फोटो मागा आणि स्वतःचं कार्ड शेजारी ठेवून एकेक पार्ट ताडून बघा. तासभर जाईल, जाऊ द्या.

ईप्रॉम सॉकेटमध्ये असेल तर सोपं आहे, तुमच्या जुन्या कार्डाचा प्रोग्राम एखाद्या टीएल८६६ सारख्या प्रोग्रामरवर आत्ताच वाचून फाइल ठेवून द्या. काचेची खिडकी असलेल्या जुन्या ईप्रॉमवरचं स्टिकर निघालं असेल तर आधी नवीन लावा, आणि वीस वर्षांनंतर त्यातला डेटा हळूहळू उडायला लागतो हेही लक्षात असू द्या. काही कार्डांवर बॅटरी आतच बंद केलेली मेमरी चिप असते, तिचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, म्हणजे २००० च्या आसपासच्या जहाजावरून आलेल्या कार्डात ती रिकामीच समजायची. अशा कार्डाला सगळे पॅरामीटर परत भरावे लागतात, तर तुमच्याकडे पॅरामीटरची छापील यादी आहे का ते आधी बघा.

कार्ड हातात आल्यावर ते सरळ रॅकमध्ये ठोकू नका. आधी ब्रशने आणि आयपीएने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग बेंच सप्लायवर करंट लिमिट कमी ठेवून हळूहळू २४ व्होल्टपर्यंत न्या. चांगलं कार्ड किती करंट घेतं ते तुमच्या रॅकमधल्या त्याच टाइपच्या दुसऱ्या कार्डावर मोजून ठेवा, नवीन आलेलं त्याच्या दुप्पट घेत असेल तर तिथेच थांबा. मग १०० ओहमचा आणि १३८ ओहमच्या आसपासचा प्रिसिजन रेझिस्टर, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात, प्रत्येक चॅनेलला लावून ० आणि १०० च्या जवळ रीडिंग येतं का बघा. शेवटी हेअर ड्रायर लांबून धरून कार्ड कोमट करा आणि रीडिंग पळतं का बघा. तुमचा फॉल्ट गरम झाल्यावरचा आहे ना, मग थंड कार्डावरची टेस्ट काही कामाची नाही.

---

स्पेअर्सवाली

मी शिप मॅनेजमेंट कंपनीत परचेस बघते, तेव्हा कागदांबद्दल लिहिते कारण ईटीओ लोक हा भाग आमच्यावर सोडून देतात आणि मग कार्ड गँगवेवर येऊन अडकतं.

एक, क्लास (जहाज तपासून प्रमाणित करणारी संस्था). अलार्म सिस्टिम टाइप अप्रूव्ह्ड असते, ते अप्रूव्हल त्या प्रॉडक्टचं असतं, आलंगहून आलेलं कार्ड कुठल्या अवस्थेत आहे याची ती ग्वाही नाही. सारख्याला सारखं बदललं तर सहसा अडचण येत नाही, पण सुपरिटेंडंटला कळवून, बदल केल्यावर त्या कार्डावरचे सगळे अलार्म टेस्ट करून लॉगमध्ये नोंद ठेवा. सर्व्हेअर पुढच्या वेळी यूएमएस टेस्टला हेच विचारतो. "डी" लावणार असाल तर आधी मेल करा, नंतर नको.

दोन, आयएचएम (जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी). जहाजतोडणीबद्दलचं हाँगकाँग कन्व्हेन्शन २६ जून २०२५ पासून लागू झालंय, युरोपला जाणाऱ्या जहाजांना तर त्यांच्या नियमामुळे २०२० च्या शेवटापासूनच आयएचएम लागतो. त्यामुळे बोर्डवर बसणाऱ्या नवीन स्पेअरसोबत मटेरियल डिक्लरेशन आणि सप्लायरचं डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी ठेवतात. सरप्लसवाल्याकडे हे बऱ्याचदा नसतं, मेकरकडून त्याच पार्ट नंबरचं आधीच निघालेलं डिक्लरेशन मिळतं का ते आम्ही बघतो. म्हणून ऑर्डरच्या आधी विचारा, माल आल्यावर मागितलं तर कुणी देत नाही.

तीन, जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर पूर्ण पार्ट नंबर आणि रिव्हिजन, आणि "न चालल्यास परत" हे लेखी, दिवस जहाजावर पोचल्यापासून मोजायचे. जहाज कोस्टवर असलं तरी कार्ड पोचायला आणि तुम्हाला लावायची सवड मिळायला वेळ जातो, डिस्पॅचपासून सात दिवसांच्या गॅरंटीचा काही उपयोग होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, मॉनिटरिंगला सरप्लस चालेल, पण शट डाऊन, ऑइल मिस्ट डिटेक्टर, फायर डिटेक्शन, स्टिअरिंग यांच्यासाठी मी सरप्लसची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढत नाही. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

---

मुंबई_अँकरेज

सरप्लसच्या नादाला लागूच नये असं माझं मत. आमच्या एका एमई (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या) इंजिनच्या जहाजावर ऑफिसने सेकंडहँड एमपीसी (इंजिन कंट्रोलचं कार्ड) घेऊन पाठवला होता, बसवला आणि चाललाच नाही.

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

@मुंबई_अँकरेज, त्यासोबत आलेली आयडी की बसवली होती का तुम्ही? मॅन बी अँड डब्ल्यूच्या एमई इंजिनवर प्रत्येक एमपीसीला एक आयडी की असते, तो एमपीसी म्हणजे सिलिंडर कंट्रोल आहे की इंजिन कंट्रोल की आणखी काही, हे ती सांगते. ती त्या जागेची असते, कार्डाची नाही. एमपीसी बदलताना जुन्याची की काढून नव्याला लावायची, मग तो एमओपीवरून (ऑपरेटरचं कॉम्प्युटर पॅनेल) आपलं सॉफ्टवेअर आणि पॅरामीटर खेचून घेतो. दुसऱ्या जहाजाची की तशीच ठेवली तर सिस्टिम त्याला ओळखणार कशी? एकदा पुन्हा तपासून बघा, कदाचित तो एमपीसी चांगला असेल. मात्र इंजिन चालवणाऱ्या सिस्टिमसाठी ताईंनी म्हटलं तसं मेकरकडचंच एक्स्चेंज युनिट घ्यावं, याला माझाही दुजोरा.

---

बत्तीसाब_कोस्टल

सगळ्यांचे मनापासून आभार, फॉल्ट सापडला!! सविस्तर लिहितो म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

फॉल्ट आलेला असताना टर्मिनलवर मोजत गेलो. १ ते ४ वर शंभर मिलिव्होल्टच्या वर थोडं, आणि ५ वर तब्बल १९ व्होल्ट. ५ म्हणजे पाच नंबर युनिटचा (सिलिंडरचा) जॅकेट वॉटर आऊटलेट. तो चॅनेल सोडवला आणि बाकीचे सात चॅनेल तिथल्या तिथे परत आले, बडासाब शेजारी उभा होता, त्याने लगेच चहा मागवला.

अँकरेजला इंजिन थंड झाल्यावर केबल शोधली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूने ट्रे जातो, तिथलं लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण) एका जागी निघालेलं, आणि त्यामागची मल्टिकोर केबल कडक होऊन हाताने वाकवली तर इन्सुलेशनचे तुकडे पडत होते. त्याच मल्टिकोरमध्ये एका सोलेनॉइडचे २४ व्होल्ट जातात. लॅगिंग उघडं असल्यामुळे लोडवर तो भाग तापायचा आणि दोन कोर एकमेकांना टेकायचे. केबलचा तो तुकडा बदलला, पीटी१०० साठी वेगळी शील्डेड केबल टाकली, लॅगिंग बांधून घेतलं. मेगर केला तो दोन्हीकडून सोडवूनच.

पण कार्डाचा ५ नंबर इनपुट मात्र गेलाय, १०० ओहम लावला तरी फेलच दाखवतो. १४ नंबर चॅनेल स्पेअर होता, त्यावर सेन्सर हलवला आणि कॉन्फिगरेशनमध्ये टॅग, रेंज, अलार्म लिमिट बदलून घेतलं. पाच नंबरच्या स्लो डाऊनचा सेन्सर सेफ्टी सिस्टिमला वेगळा जातो हे ड्रॉइंगवर आधी तपासलं. आठही अलार्म टेस्ट करून लॉगमध्ये लिहिले, सुपरिटेंडंटला फोटोसकट रिपोर्ट पाठवला, परवापासून यूएमएस परत सुरू.

"डी" वालं कार्ड घेतलं नाही. फोटो मागितले तेव्हा दिसलं की त्यावर प्रत्येक चॅनेलला २५० ओहमचे रेझिस्टर आहेत, म्हणजे ४-२० वालं, आम्हाला काही उपयोगाचं नव्हतं. व्यापाऱ्याला सांगितलं तर त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यानेच दुसऱ्या एकाचा नंबर दिला, त्याच्याकडे रॅक आहे, "बी" आहे आणि दोन चॅनेलचा व्हिडिओ पण पाठवला त्याने. ऑफिसने स्पेअर म्हणून रिक्विझिशन मंजूर केली आहे, ताईंनी लिहिलेले सगळे कागद मागितलेत.

एक राहिलं, जुनं कार्ड रॅकमध्येच ठेवू का? ५ नंबर मेलाय पण बाकी चालतंय.

---

सोल्डर_तुर्भे

छान काम केलंत. ठेवा, पण कायमचं नको. १९ व्होल्ट आत गेलेत म्हणजे ५ नंबरचा प्रोटेक्शन डायोड किंवा सिरीज रेझिस्टर तर गेलाच असणार, आणि मल्टिप्लेक्सरवरही ताण आलेला असतो, आज बाकीचे सात बरोबर दिसतात म्हणून उद्या दाखवतीलच असं नाही. तोवर आठवड्यातून एकदा लोकल थर्मामीटरशी ताडून बघत जा.

सरप्लस "बी" आलं आणि बेंचवर पास झालं की ते रॅकमध्ये लावा आणि जुनं, जहाज मुंबईला लागलं की, रिपेअरला काढा. मल्टिप्लेक्सर, ५ नंबरचे इनपुट पार्ट आणि हात लागलाच आहे तर सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ डिग्रीवाले, एवढं केलं की तेच तुमचं स्पेअर. काढताना डीआयपी स्विचचा फोटो घ्या आणि अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेल टाकून पाठवा, बबलरॅप सरळ कार्डावर गुंडाळू नका. स्पेअर कपाटात ठेवल्यावर वर्षातून एकदा बेंचवर काही तास चालू करून ठेवा म्हणजे कपॅसिटर शाबूत राहतात, आणि पिशवीवर रिव्हिजन, ईप्रॉम व्हर्जन आणि टेस्टची तारीख मार्करने मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या जागी येणाऱ्या ईटीओला रात्री दोन वाजता तेच वाचायचं असतं.